राहीबाईंचं प्रोनोमेन

आमच्या सासूबाई, राहीबाई, नवऱ्याचं नाव घेत नाहीत म्हणजे नाहीत. लग्नात उखाण्यात घ्यावं लागलं तेवढंच, तेही इतकं हळू की करवल्यांनी पुन्हा घ्यायला लावलं. एरवी सगळा संसार 'हे', 'ते' आणि 'आवं'वर. कडेगावच्या बँकेत साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं, तर यांनी बोट दाखवलं, "हे काय, म्होरं हुबं हायती!" शेवटी आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पुढं होऊन सांगितलं, "सुभेदार हंबीरराव, रिटायर." तेही सावधान होऊन.

तर या बाई जर्मन कशा शिकल्या, ते ऐका. माझा नवरा शिवतेज जर्मनीत नोकरीला आहे. मला तिकडं जायचं तर जर्मनची परीक्षा पास व्हायला हवी, म्हणून सांगलीच्या उमाताई मला मोबाईलवर शिकवतात. रेंज फक्त स्वयंपाकघरात येते. त्यामुळं मी ओट्याशी आणि शेजारी सासूबाई लसूण सोलत, असा आमचा वर्ग.

एक दिवस सर्वनामं निघाली. उमाताई म्हणाल्या, "शिवांजली, लॅटिनमध्ये याला प्रोनोमेन म्हणतात. प्रो म्हणजे ऐवजी, नोमेन म्हणजे नाव. जर्मन लोकांनी तोच शब्द उचलला, स्वीडन-डेन्मार्कवाल्यांनीही."

सासूबाईंनी फोनमध्ये डोकं घातलं. "नावाऐवजी? म्हंजे तिकडं बी बाया नवऱ्याचं नाव घेत न्हाईत व्हय?"

उमाताई खुर्चीवरून पडायच्या बाकी राहिल्या. त्यांनी परोपरीनं समजावलं, पण ऐकतंय कोण! संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की गोऱ्या बायकांना लय चांगलं वळण हाय.

पुढच्या तासाला मात्र माझंच बिंग फुटलं. 'झी' म्हणजे तुम्ही आणि 'डू' म्हणजे तू, असं उमाताईंनी सांगितलं. मी रोज व्हिडिओ कॉलवर सगळ्यांदेखत शिवतेजशी सराव करायचे. मराठीत अहो-जाहो आणि जर्मनमध्ये नुसतं डू-डू-डू!

"म्हंजे तू माज्या पोराला आमच्या म्होरं अरंतुरं करत हुतीस?"

पण त्या जवळ सरकल्या आणि कानात म्हणाल्या, "मला बी ह्यास्नी एकदा तू म्हणायचं हाय गं. मराठीत जीभ उचलत न्हाई. जर्मनमदी म्हणू का?"

मग काय, आमची तालीम सुरू! पहिल्या दिवशी चहा देताना त्या ठसक्यात "डू..." म्हणाल्या आणि आबांनी वर बघताच गडबडल्या, "डू... दूध घालू का आणि?" दुसऱ्या दिवशी तोंडात पदर कोंबून हसतच माघारी आल्या. तिसऱ्यांदा गेल्याच नाहीत. "जाऊ दे, न्हाई जमायचं मला," म्हणून खाली मान घालून लसूण सोलत बसल्या. मला फार वाईट वाटलं. एवढीशी तर हौस!

रविवारी आबा जेवायला बसले. सासूबाई भाकरी घेऊन गेल्या, डोळे गच्च मिटले आणि एका दमात म्हणाल्या,

"आवं, डू भाकरी घेतोस का?"

घात झाला! डू जर्मन होता, पण 'घेतोस' चोख मराठी होतं. ते त्यांच्याही ध्यानात आलं आणि चेहरा पांढराफटक पडला. मी दाराआडून बघत होते.

पण आबांचे कान फौजी. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर पेपर वाचत त्यांनी प्रत्येक तास ऐकला होता. ते शांतपणे म्हणाले, "घेतो की. आन राही, डू जेवलीस का?"

त्यांच्या तोंडून 'राही' मी पहिल्यांदाच ऐकलं. बहुतेक सासूबाईंनीही. त्या आधी हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या. आणि आजवर सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या या बाईनं आबांच्या शेजारी पाट ओढला आणि बसता बसता मला ओरडून सांगितलं, "शिवांजली, माजं ताट बी आण गं!"