टाक्याची जागा

तक्षशिला नगरात एकशे चार घरं होती आणि शीतल पाईकराव त्या एकशे चारही घरांत जाऊन बसली होती. हातात वही, कानामागं पेन्सिल आणि तोंडात एकच प्रश्न: आपल्या समाजभवनात तुम्हाला काय पाहिजे?

पुरुष म्हणाले, स्टेज मोठं पाहिजे, जयंतीला पाहुण्यांचे गुडघे एकमेकांना लागतात. कॉलेजच्या पोरांनी अभ्यासिका मागितली. म्हाताऱ्यांना सावलीतला ओटा हवा होता. बायका मात्र एका सुरात म्हणाल्या, "आमाला काय कळतंय बाई, त्यायलाच इचार." शीतलला हे ठाऊकच होतं. तिनं मग फक्त बायकांची वेगळी बैठक घेतली, पुरुषांना दाराबाहेर काढून.

त्या बैठकीत बायका सुटल्या. नवरीला साडी बदलायला आडोसा पाहिजे. भांडी घासायची जागा आत पाहिजे, रस्त्यावर नको. जिवनबाई लहानपणापासून एका पायानं अधू. ती म्हणाली, "पायऱ्या करशील तर मी तुझ्या भवनाला बाहेरूनच जयभीम घालीन." आणि सगळ्यात जास्त वेळा निघालं ते पाणी. नळ आठव्या दिवशी, तोही तासभर.

उठता उठता एक जण म्हणालीच, "समद्यायचे नकाशे काढून राहिली, हिच्या लग्नाचं कवा निघल गं कमलबाई?"

शीतलची आई कमलबाई म्हणाली, "तिचं टेंडर निघलं की सांगते तुला."

सगळ्या हसल्या. शीतलही हसली. सव्विसाव्या वर्षी हे हसून घालवायची तिला सवय झाली होती.

नांदेडच्या तंत्रनिकेतनातून तिनं डिप्लोमा केला होता. हिंगोलीतल्या एका इंजिनिअरच्या ऑफिसात पाच वर्षं ती लोकांच्या बंगल्यांचे नकाशे काढत होती. खाली सही साहेबांची. जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि शहर चहूकडं पळत सुटलं होतं, त्यामुळं नकाशांना तोटा नव्हता. पण समाजभवन हे तिचं स्वतःचं काम होतं. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात साहेबांनी पहिल्यांदाच तिचं नाव घालू दिलं होतं.

ती त्यावर सहा महिने बसली. तिला सिमेंटची पेटी उभी करायची नव्हती. मे महिन्यात हिंगोलीतल्या स्लॅबखाली माणूस भाजून निघतो. म्हणून तिनं भिंतींच्या विटा मध्ये पोकळी सोडून बसवल्या, वर गरम हवा निघून जायला झरोके ठेवले, लिंबाचं झाड तोडायचं नाही म्हणून ओटाच त्याच्याभोवती फिरवला. पायऱ्यांच्या बाजूनं जिवनबाईसाठी उतार. आणि तिच्या मनातली खरी वस्तू म्हणजे टाकं. छपराचं सगळं पाणी नळकांड्यांनी खाली यायचं आणि जमिनीखालच्या टाक्यात साठायचं. चाळीस हजार लिटर. प्लॉटचा उतार मागच्या कोपऱ्याकडं होता, तिथं माती मऊ होती, खोदायला सोपी. टाक्याला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती.

समितीचे अध्यक्ष अमृतराव निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी नकाशा चष्मा वर करून, मग खाली करून पाहिला. "शास्त्रशुद्ध," ते म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठी पदवी कोणाला मिळत नसे.

प्लॉट वस्तीच्या मागं, नाल्यापलीकडं होता. एके काळी गाव तिथं संपायचं आणि बाभळी सुरू व्हायच्या. आता त्याच्याही पुढं दोन कॉलन्या झाल्या होत्या आणि तो तुकडा मध्येच राहून गेला होता. एवढ्या मोक्याच्या जागी कोणी झोपडीसुद्धा कशी टाकली नाही, असा प्रश्न शीतलला पडला नव्हता. तिला मोजमाप बरोबर मिळालं होतं.

आखणी फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी ठरली. धर्मसिंग मिस्त्री तांड्यावरून दोन माणसं आणि फक्कीची पिशवी घेऊन आला. शीतल सूत धरी, धर्मसिंग पांढरी रेघ सोडी. हॉल आखला, उतार आखला. शेवटी मागच्या कोपऱ्यात टाक्याचा लांबट चौकोन. धर्मसिंगनं टिकाव मागवला.

तेवढ्यात कमलबाई चहाची किटली घेऊन आली. तिनं कप वाटले. मग तिची नजर त्या कोपऱ्याकडं गेली. किटली तिनं तिथंच जमिनीवर ठेवली, चालत गेली, फक्कीची रेघ ओलांडली आणि चौकोनाच्या मधोमध खाली बसली.

"आई, रेघ पुसली ना!" शीतल ओरडली.

"पुसू दे."

"चक्कर आली का तुला?"

"न्हाई."

"मग ऊठ ना. लोकं बघून राहिले."

कमलबाई उठली नाही. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि दोन्ही हात मातीवर टेकवले. शीतलच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या पहिल्या कामाच्या पहिल्या दिवशी, मिस्त्री आणि त्याच्या माणसांसमोर तिचीच आई अशी बसली होती. तिला वाटलं, हिला कोणी भुताखेताचं सांगितलं. वस्तीत बाबासाहेबांची तसबीर नसलेलं घर नव्हतं, आणि हिला आत्ता हे सुचावं!

धर्मसिंगनं टिकाव खाली ठेवला. "ताई, चहा पिऊन घेतो आमी," तो म्हणाला आणि माणसं घेऊन लिंबाखाली गेला.

बातमी नाल्यापलीकडं कशी गेली कोण जाणे. थोड्याच वेळात आठ-दहा बायका आल्या. पुढं पारुबाई, वस्तीची सुईण. ऐंशीला टेकलेली, कमरेत वाकलेली. तिनं चौकोन पाहिला आणि मटकन रेघेवरच बसली.

"कमळे, सांग तिला."

"कुवार हाय ती."

"मंग टिकावाच्या टोकाला येऊ देती का?"

शीतल एकीकडून दुसरीकडं पाहत राहिली. "काय सांगायचंय? कोणी सांगेल का मला?"

ज्या बायका बैठकीत भांडी घासायच्या जागेवरून भांडल्या होत्या, त्या आता आपापल्या पायांकडं पाहत होत्या. शेवटी पारुबाईच बोलली.

"बाई, तुला कोणी सांगितलं न्हाई, त्याचा राग नको धरू. कुवार पोरीला अन् नव्या नवरीला ही जागा दावत न्हाईत. कूस भिती. आमाला बी आमच्या सास्वांनी पहिल्या येळंलाच दावली." तिनं मातीवरून तळवा फिरवला. "नाव ठेवायच्या आधी गेलेली लेकरं हितं हायत. माझ्या हातानं ठेवलेली."

शीतलच्या हातातलं सूत सुटलं. तिच्या तोंडून जे निघालं त्यानं तिचा तिलाच धक्का बसला. ती म्हणाली, "किती खोल?"

"मांडीइतकं. टिकाव कुठं व्हता? खुरप्यानं किती खोदणार! गडी मोंढ्यात हमालीला न्हाईतर रोजगार हमीच्या कामावर. मीच न्यायची फडक्यात, संगं एखादी म्हातारी."

"किती जणं?"

पारुबाईनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. एका हाताची बोटं झाली, दुसऱ्या हाताची झाली, पुन्हा पहिल्या हातावर आली. शीतलनं मोजणं सोडून दिलं.

मग तिनं आईकडं पाहिलं. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "आई, आपलं पण कोणी...?"

कमलबाईनं मातीवरचा हात उचलला आणि दोन बोटं दाखवली.

शीतल तिथंच उभी राहिली. कागदोपत्री आणि घरात ती थोरली होती. थोरली म्हणून तिनं वडलांच्या तिरडीपुढं पाणी धरलं होतं, थोरली म्हणून धाकट्या बहिणीचं लग्न लावून दिलं होतं. ती थोरली नव्हतीच. ती तिसरी होती. सहा महिने ती टेबलावर वाकून या कोपऱ्यात काँक्रीटची जाडी काढत होती आणि आई तिच्यापुढं चहा ठेवून मागं फिरत होती.

"तू नकाशा पाहिला होतास," तिचा आवाज चिरकला. "मी दाखवला होता तुला!"

"मला कुठं कळतं नकाशातलं? तू म्हणलीस, मागं टाकं हाय. मागं म्हंजी भिताडाच्या मागं, असं वाटलं मला. हितं येऊन पाह्यलं तवा कळलं."

दुपारी अमृतरावांच्या ओसरीवर समिती बसली. ही बातमी ऐकून अमृतराव चिडले नाहीत, पण त्यांनी फळ्यापुढं उभं राहिल्यासारखं बोलायला सुरुवात केली. तीस वर्षांत हाडांची माती होते. आपण बुद्धाची माणसं, आपण जागेला चिकटत नाही. मंजुरीची मुदत संपायला महिना उरला आहे, नकाशा बदलला तर पुन्हा सगळे कागद. आणि पाणी? "पाणी जिवंत लेकरांना लागतं," ते म्हणाले. "दोन-चार बायांच्या भावनेसाठी एकशे चार घरं तहानलेली ठेवायची का?"

शीतलला त्यांचं एकही वाक्य खोटं म्हणता येईना. टाकं पुढं घेतलं तर तिथं खाली काळा पाषाण होता. सुरुंग लावायला बाजूच्या घरांमुळं परवानगी मिळाली नसती. छिन्नीनं जेवढं फुटेल तेवढंच टाकं.

"दोन-चार न्हाईत गुरुजी," पारुबाई दारातून म्हणाली.

"मग किती? हात वर करा. मोजून टाकू एकदाचं." अमृतरावांनी वर्गात करत तसंच केलं.

ओसरीखाली अंगणात बायका उभ्या होत्या. कमलबाईनं आधी हात वर केला. मग जिवनबाईनं. मग एकेक. काही हात पदराआडून खांद्यापर्यंतच आले. अमृतराव मोजत होते, सात, आठ, नऊ. अकरावर ते थांबले. अकरावा हात ओसरीवरच होता, त्यांच्या मागं, स्वयंपाकघराच्या दारात. त्यांची बायको मंजुळाबाई एका हातात पाण्याचा तांब्या धरून उभी होती आणि तिनं दुसरा हात वर केला होता.

"तू काहून?" अमृतराव म्हणाले.

"तुमी कळमनुरीला व्हता. शाळा तपासणी व्हती."

"मला पत्र आलं होतं," ते हळू म्हणाले. "पोर गेलं म्हणून पत्र आलं होतं."

"व्हय. शनवारी आलात तुमी. जेवलात. कुठं नेलं ते इचारलं न्हाई."

हे मंजुळाबाई तक्रारीनं बोलली नाही, नवऱ्याला काही दाखवून द्यावं म्हणूनही बोलली नाही. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगितलं. त्यामुळंच ओसरीवर बसलेल्या सहा पुरुषांपैकी एकालाही मान वर करता येईना. त्यातल्या किती जणांनी कधी विचारलं होतं, हे ज्याचं त्याला माहीत.

अमृतरावांनी चष्मा काढला. तो पुसायचा की ठेवायचा हे त्यांना समजेना. मग त्यांनी शीतलला विचारलं, "पुढं घेतलं तर किती बसेल?"

"वीस हजार. त्याहून जास्त नाही."

"म्हणजे एप्रिल-मे कोरडे."

"हो."

"काढ मग," ते म्हणाले. "कागद मी फिरवतो."

चार दिवस शीतल ऑफिस सुटल्यावर पारुबाईला घेऊन प्लॉटवर गेली. कुवार पोरीच्या नियमाचा विषय आता कोणी काढला नाही. म्हातारी काठीनं दाखवी, शीतल टेप लावी. बायका स्वतः होऊन येऊन सांगू लागल्या: माझं त्या दगडाच्या अलीकडं, माझं जुळं होतं. शीतल लिहून घेई. रात्री जेवताना घास गिळता येत नसे, आणि कमलबाई मात्र गेली तीस वर्षं गिळत आली होती तशी गिळत होती.

नवा नकाशा झाला. टाकं पुढं आलं, निम्म्या मापाचं. मागचा कोपरा रिकामा राहिला. पण नगरपालिकेच्या कागदावर रिकामी जागा चालत नाही. साहेब म्हणाले, काहीतरी नाव घाल, बगीचा घाल. शीतलनं नकाशा घरी आणला आणि आईपुढं उलगडला. यावेळी तिनं आईचं बोट धरून कागदावर लिंबापासून त्या कोपऱ्यापर्यंत फिरवलं, वाट कळेपर्यंत.

"इथं काय लिहू?"

कमलबाईनं विचार केला. "बगीचा लिहिलास तर कोणी आळं खांदील. खांदू नये, असं लिही."

शीतलनं ठळक अक्षरांत लिहिलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा आखणी झाली. धर्मसिंगला अक्षरओळख नव्हती, म्हणून तिनं त्याला कोपरा दाखवून तोंडानंही सांगितलं, इथं टिकाव लावायचा नाही.

"मला म्हाईत हाय ताई," तो फक्की सोडता सोडता म्हणाला. "आमच्या तांड्याला बी हाय असा कोपरा. समद्या गावांना असतो. नव्या प्लॉटिंगवर खांदताना कवा कवा लागतं, मंग आमी काय बोलत न्हाई. दोन हात बाजूला खांदतो."

"कुठल्या प्लॉटिंगवर?"

त्यानं मानेनंच दाखवलं. पलीकडच्या दोन कॉलन्या. त्यातल्या नऊ बंगल्यांचे नकाशे शीतलनं काढले होते.

ती सूत धरून उभी राहिली. धर्मसिंगनं दोनदा "ताई, ताणा" म्हटलं, तेव्हा कुठं तिनं ताणलं.