ओला बल्ब आणि छतातल्या खिडक्या

"साहेब, ह्या खिडक्या उघडल्यात की आमचं वाटोळं झालंच म्हणून समजा. सूत तुटतंय वाऱ्यानं."

नरसय्या मागापासून न हलताच मला सांगत होता. सांगताना त्याची नजर सुतावर होती. एक धागा तुटला, त्याने माग थांबवला, बोटांनी काहीतरी केलं आणि माग पुन्हा सुरू झाला. गाठ मारताना ती कशी मारली हे मला कधीच दिसलं नाही. मी चार वर्षं बघत होतो.

सोलापूरच्या एका कापड गिरणीत मी असिस्टंट इंजिनिअर होतो. खातं ह्युमिडिफिकेशनचं, म्हणजे मागांच्या शेडमध्ये दमटपणा राखायचं. लोकांना वाटतं, सोलापूरच्या उन्हाळ्यात इंजिनिअर हवा गार करत असेल. आम्ही हवा ओली करायचो. कोरड्या हवेत कापसाचा धागा कडक होतो आणि तुटतो. म्हणून पंपाने पाण्याचे फवारे मारून ती हवा आत सोडायची. बाहेर अंगाची भट्टी होत असताना आत ओलसर गारवा असायचा. विणकर खूश, धागा खूश.

हे सगळं चालायचं बाहेरची हवा कोरडी असेतोवर. माठाचं पाणी कोरड्या हवेत गार होतं. हवा दमट झाली की माठ नुसता घाम गाळत बसतो. आमच्या फवाऱ्यांच्या प्लांटचंही तसंच. एप्रिल सरता सरता वळवाचं वातावरण झालं, की तो हवा गार करायचा थांबायचा आणि आत फक्त वाफ भरायचा. हे ओळखायला शेडमध्ये दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगलेले असत. एक साधा, दुसऱ्याच्या बुडाला ओली वात गुंडाळलेली. त्याला आम्ही ओला बल्ब म्हणायचो. साध्यात उष्मा कळतो. माणसाचा घाम वाळेल की नाही, ते ओल्या बल्बवर कळतं. कायद्यात एक आकडा होता. ओला बल्ब त्याच्या वर गेला, की पाणी बंद.

त्या वर्षी मे महिन्यात ओला बल्ब रोज थोडा थोडा वर सरकत होता. हवामानाचा अंदाज मी रोज सकाळी वर्तमानपत्रातून कापून विव्हिंग मास्तरांच्या टेबलावर ठेवायचो. विव्हिंग मास्तर म्हणजे विणकाम खात्याचे प्रमुख. पटवर्धन त्यांचं नाव. माणूस वाईट नव्हता, पण कापडाच्या वाराखेरीज दुसरं माप त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशीच्या अंदाजात तीन वाक्यं होती. उष्णता कायम राहील. हवेतील दमटपणा वाढेल. तुरळक ठिकाणी दुपारनंतर वादळी वाऱ्यासह गडगडाटी पाऊस होईल.

"उष्णता कायम," मास्तरांनी पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं. "म्हणजे पाणी कायम. संपलं."

"दुसरं वाक्य वाचा ना साहेब. दमटपणा वाढणार आहे. पाणी बंद करून छतातल्या खिडक्या उघडायला हव्यात. वरची गरम हवा बाहेर पडली पाहिजे."

"आणि तुटलेलं सूत तू जोडणार?"

पाणी चालूच राहिलं. तासाभराने शेडमधला एक विणकर मागावरच कोसळला. त्याला उचलून बाहेर नेलं, पाणी मारलं, मीठ-लिंबू पाजलं, तेव्हा त्याने डोळे उघडले. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "उघड बाबा."

आमच्या शेडचं छत करवतीच्या दात्यांसारखं होतं, आणि प्रत्येक दात्याच्या उभ्या बाजूला काचेच्या खिडक्यांची रांग. खाली भिंतीवर एक हँडल असे. ते फिरवलं की सगळी रांग उघडायची. पण धाग्यासाठी शेड कायम बंद ठेवायची रीत. वर्षानुवर्षं कुणी हँडलला हात लावला नव्हता, उलट दर दिवाळीला रंग मात्र लावला होता. गिअर गंजून एकजीव झालेले. ते दुरुस्त करा म्हणून मी हिवाळ्यातच सांगितलं होतं. "सीझन संपू दे," असं उत्तर मिळालं. गिरणीत सीझन कधी संपत नाही.

तेव्हा पाणी बंद केलं आणि फिटरला शिडीवर चढवून रंग खरवडून एकेक खिडकी हाताने ढकलून उघडली. तेव्हाच नरसय्या मला ते वाटोळ्याचं बोलला. त्याचा माग नेमका खिडकीखाली होता आणि मागावर सकाळीच नवा बीम चढला होता. बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेलं मोठं रीळ. नरसय्याच्या कापडाला डाग लागल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. डाग लागला तर डॅमेजचा दंड विणकराच्या नावावर लागायचा, मग तो कुणामुळेही लागो.

"नरसय्या, माणसं पडायला लागली आहेत," मी म्हणालो.

"ते खरं हाय की," तो म्हणाला. "पण सुताला कुटं कळतंय ते?"

खिडक्या उघडल्या आणि शेडने श्वास सोडला. ओला बल्ब खाली आला. कुणी पडलं नाही. जेवणाच्या सुट्टीत दोघं-तिघं मुद्दाम येऊन मला बरं वाटतंय म्हणून सांगून गेले. खोटं कशाला बोलू, मी फुशारलो होतो.

दुपार कलल्यावर मी प्लांटरूममध्ये होतो. अचानक अंधारलं. बाहेर आलो तर अक्कलकोटच्या बाजूने तांबडी धूळ भिंतीसारखी उभी राहून येत होती. तिसरं वाक्य. ते आम्ही दोघांनीही वाचलं नव्हतं. म्हणजे डोळ्यांनी वाचलं होतं. उष्णता म्हणते बंद ठेवा, दमटपणा म्हणतो उघडा, वादळ म्हणतं बंद करा, आणि तिन्ही एकाच दिवशी. मास्तरांनी सोयीचं पहिलं वाक्य उचललं, मी सोयीचं दुसरं.

मी फिटरला हाका मारत शेडकडे पळालो. शिडी एकच होती आणि तिच्यावर आधीच नरसय्या होता. खांद्यावरचा टॉवेल तोंडाला बांधलेला. त्याच्या मागावरची खिडकी त्याने लावली होती. तेवढ्यावर उतरला असता तरी चाललं असतं. पण शेजारच्या मागावरही बीम होता, त्याच्या पलीकडेही.

"खाली ये! फिटर येतोय!"

"येतो की साहेब, येवढी एकच!"

ती एकच लावताना वाऱ्याने लोखंडी चौकट त्याच्या हातातून हिसकली आणि परत आणून उजव्या हातावर आपटली. तो डाव्या हाताने धरत धरत शिडी उतरला, टॉवेल हाताला गुंडाळला आणि आधी आपल्या बीमकडे गेला.

"सूत वाचलं," तो म्हणाला. टॉवेल लाल होत होता.

पाऊस पत्र्यावर वाजेल एवढाही पडला नाही. वारं निघून गेलं आणि संध्याकाळी सगळं सोलापूर गार हवा खायला अंगणात येऊन बसलं. मी इस्पितळाच्या व्हरांड्यात होतो.

हात वाचला. तीन बोटं मात्र पुन्हा वाकली नाहीत. गाठ मारायला नेमकी तीच लागतात.

चौकशी झाली, कुणाचीच चूक निघाली नाही. पटवर्धन मास्तर नंतर मला म्हणाले, "तू उघडल्या नसत्यास तर त्या दिवशी एखादा गेला असता." ते खरं होतं. मी आजही खिडक्या उघडाच म्हणेन. पण हे वाक्य मी कितीदाही मनाशी म्हटलं तरी ती बोटं डोळ्यांपुढून हलत नाहीत, आणि वाईट वाटायचं थांबत नाही.

गिअर मात्र त्याच आठवड्यात दुरुस्त झाले. इतके हलके, की हँडल एका हाताने फिरावं.

नरसय्याला माझ्या खात्यात घेतलं. ओल्या बल्बच्या नळीत पाणी भरायचं, वात बदलायची, पारा वर चालला तर मला सांगायचं. पुढच्या उन्हाळ्यात असाच एक दमट दिवस आला. तो प्लांटरूमच्या दारात येऊन उभा राहिला.

"साहेब, वर सरकायलाय. उघडू का?"

"उघड," मी म्हणालो.

त्याने शेडमध्ये जाऊन डाव्या हाताने हँडल फिरवलं आणि तिथेच उभा राहिला. जेवणाचा भोंगा झाला तरी हलला नाही. आभाळाकडे बघत होता. सुट्टी संपून माग सुरू झाले, तेव्हा शेजारच्या मागावर धागा तुटला. त्याचा उजवा हात आपसूक पुढे गेला, मध्येच थांबला. मग त्याने त्या विणकराला हाक मारली आणि हात खिशात घातला.

कुठलीही खिडकी उघडण्याआधी ती लावायची कशी ते बघून ठेवावं. आमच्या खात्याच्या नियमांत हे एका ओळीत लिहिलं गेलं, आणि त्या उन्हाळ्यानंतर ते सगळ्यांनी पाळलं.