वीतभर अंतर

पुण्यात चित्रं साफ करणाऱ्यांनी त्या चित्रामागचे ठोकळे पॅकिंगचे समजून काढून टाकले, याचा राग मला अजून येतो. पण त्याहून जास्त राग माझा मलाच येतो. कारण ते चित्र तसं भिंतीवर टांगलं मी.

मी भंडाऱ्याकडची. आठवीत शाळा सुटली. लग्न होऊन सोलापूरला आले आणि वर्षभरात नवऱ्याचा कारखाना बंद पडला. तेव्हा फ्रेमच्या दुकानातल्या चाचांनी मला कामाला घेतलं. बाईच्या हातात काच कापायचा हिरा कशाला देता, म्हणून शेजारचे हसायचे. चाचा म्हणायचे, हात थरथरतो तो तुमचा, हिचा नाही. या गावात माझं नातं म्हणावं असं तेवढंच.

ज्यांच्या आयुष्यभराच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, ते चित्रकार आमच्याच दुकानात यायचे. घरात तेलुगू बोलणारे, विणकराचं पोर. परदेशात नाव झालं तरी आमच्या मोडक्या स्टुलावर बसून चहा पीत. एकदा भंगारातून जकार्डचे जुने पुठ्ठे घेऊन आले. या पुठ्ठ्यांना भोकं असतात आणि त्या भोकांवरून मागावर चादरीची नक्षी उतरते. त्यांनी ते पुठ्ठे एकमेकांना शिवले होते, वर काळा आणि विटकरी रंग दिला होता, पण एकही भोक बुजवलं नव्हतं. म्हणाले, ही चादर आता कोणी विणणार नाही, निदान भिंतीवर तरी पडू दे.

चाचांनी त्या चित्राला काच लावली नाही, पाठ लावली नाही. चित्र भिंतीपासून वीतभर सुटं राहावं म्हणून मागे चार कोपऱ्यांना चार ठोकळे बसवले, टेपने नाही, स्वतःच्या वितीने मोजून. वरून दिवा सोडला की उजेड भोकांतून जाऊन खाली भिंतीवर मोर उमटायचा.

आता ते नाहीत. चाचांची नजरही जवळजवळ गेली आहे. प्रदर्शनाची चित्रं टांगायचं काम आमच्या दुकानाला मिळालं, म्हणजे मला. पुण्याहून साफसफाई होऊन खोकी आली. ते चित्र उघडलं. पुढे चकचकीत काच, मागे काळा पुठ्ठा चिकटवलेला. ठोकळे खोक्याच्या तळाशी पडले होते.

प्रदर्शन भरवणाऱ्या मॅडमना मी सांगायला गेले. ठोकळे त्या चित्राचेच आहेत, एवढंच म्हणाले. त्यांनी हातातल्या यादीत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुमचं शिक्षण काय?"

मी खरं सांगितलं. त्या हसल्यासुद्धा नाहीत. हसल्या असत्या तर मी भांडले तरी असते. "मग तज्ज्ञांना त्यांचं काम करू द्या," म्हणाल्या. हॉलचा वॉचमन मागून हळूच म्हणाला, "बाई, गप बसा की. लई शिकलेली मानसं हाईत ती."

मी गप बसले. दुकानाचं हे काम गेलं तर चाचांना काय तोंड दाखवू, या भीतीने. चित्र टांगलं, लेव्हल लावून सरळ केलं. ठोकळे मात्र हत्यारांच्या पिशवीत टाकले. दोन दिवस ती पिशवी खांद्याला टोचत होती.

उद्घाटनाच्या सकाळी पाहुणे यायच्या आधी चाचांना त्यांची सून रिक्षाने घेऊन आली. मला म्हणाले, पेंटरसाबचा मोर कुठाय, तिथे घेऊन चल. मी नेलं. त्यांनी डोळे वर केलेच नाहीत. हात पुढे केला, चौकट चाचपली आणि बोटं मागे घालायला गेले. बोटं भिंतीवर आपटली.

पुन्हा दुसऱ्या कोपऱ्याला हात लावून बघितला. मग विचारलं, "तूच टांगी ना, बेटी?"

मी हो म्हणाले.

"तेरेकू तो मालूम था," एवढंच बोलले.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चित्र उतरवलं, जमिनीवर पालथं घातलं आणि खिळे उपसायला लागले. मॅडम धावत आल्या, कोणाच्या परवानगीने हे चाललंय म्हणाल्या. मी मान वर केली नाही. ज्यांनी ही चौकट केली ते समोर उभे आहेत, त्यांना विचारा, म्हणाले. त्यांनी चाचांना काही विचारलं नाही. काळा पुठ्ठा मी फाडून काढला, काच बाजूला ठेवली, ठोकळे बसवले आणि चित्र परत टांगलं. हात एकदाही थरथरला नाही.

दिवा सोडला. मोर भिंतीवर उतरला. मॅडमनी लगेच फोटोवाल्याला हाक मारली आणि चाचांना म्हणाल्या, "आजोबा, जरा बाजूला होता का, फोटोत येताय."

मी चाचांना बाजूला होऊ दिलं नाही. त्यांचा हात धरून चौकटीमागे घातला. अंगठा भिंतीला, करंगळी लाकडाला, बरोब्बर वीतभर. ते तसेच उभे राहिले आणि फोटोवाला थांबून राहिला.