अर्धा पेला

पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं नळाचं पाणी तपासणाऱ्या या गृहस्थांना सगळी वसाहत ‘थेंबमास्तर’ म्हणायची. रोज सकाळी सातला पंपवाला नमुन्याची बाटली आणून द्यायचा. मग त्याच पाण्याचा एक पेला भरून दोघं अर्धा-अर्धा प्यायचे. “आधी आपण, मग गाव,” असं पंपवाला म्हणायचा. तो डोंगरापलीकडून आलेला. पण त्यालाही वीस वर्षं होऊन गेली होती.

मग मैदानावर सभा झाली. पुढारी गहिवरून म्हणाला, “तुमच्या लेकरांचं पाणी परक्यांच्या हातात आहे. मला झोप येत नाही हो!” विषाबद्दल, जंतूंबद्दल चकार शब्द नाही. मग खोडून काढायचं तरी काय! गडी बोलून मोकळा झाला आणि वसाहतीची झोप उडाली.

पंपवाल्याला काढा, अशा अर्जावर सह्या घ्यायला बैठक भरली. मास्तर सहा महिन्यांचे अहवाल घेऊन उभे राहिले. दुसऱ्याच ओळीला शेजारीण उठली. “मास्तर, आकडे तुमचे, पोरं आमची!” टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरांच्या रागाचा पारा चढला आणि ते अहवाल गुंडाळून निघाले.

घरी बायको विकतच्या बाटलीतलं पाणी माठात ओतत होती.

“अगं, निदान तू तरी!”

“तुमचं सगळं पटतं हो. पण घोट घशाखाली उतरत नाही, त्याला मी काय करू?”



आठवड्याभरात खात्याने पंपवाल्याला घरी बसवलं. शेवटच्या दिवशीही तो सातला आला. बाटली ठेवली, पेला भरून पुढे केला. इतका अपमान गिळून माणूस गप्प कसा बसेल, असं मास्तरांच्या मनात येऊन गेलं, आणि पेला घ्यायला पुढे केलेला त्यांचा हात मध्येच थबकला. क्षणभरच.

पंपवाल्याने ते पाहिलं. त्याने पेला मागे घेतला, स्वतः अर्धा प्यायला आणि उरलेला पुढे केला.

“आता घ्या, मास्तर.”

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पेला रिकामा केला. मान वर करायचा धीर होईपर्यंत पंपवाला निघून गेला होता.

त्या दिवशी त्यांनी तो नमुना दोनदा तपासला. दोन्ही वेळा पाणी स्वच्छ निघालं.