न्हाणीमागची भिंत

लग्न होऊन सारंगखेड्याला आले, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या घराचा एक कोपरा खाली बसू लागला. तापीकाठची काळी जमीन आधीच भेगाळलेली, त्यात न्हाणीचं पाणी वर्षानुवर्षं भिंतीच्या पायात मुरलेलं. भिंतीला चीर पडली. मी ती शेणमातीनं लिंपायची आणि दोन दिवसांत ती पुन्हा उघडायची. मग त्या कोपऱ्यातल्या खोलीचं दार लागेना. धाब्याच्या छताची सगळी माती डोक्यावर होती, म्हणून त्या खोलीत धान्य काढायला गेले की मी श्वास रोखूनच बाहेर यायची.

सासऱ्यांनी गवंडी आणला. म्हातारा, बारीक अंगाचा माणूस. त्यानं तुळईखाली दोन टेकू दिले आणि सांगितलं, भिंतीखाली हातभर खणायचं, मुरूम लागला की दगड-चुन्यानं भरायचं, तो चुना धरला की मगच पुढचा हातभर. सासऱ्यांना तेवढा धीर नव्हता. शेतात खत टाकायचं होतं, गडी अडकून पडले होते. पहिल्या खड्ड्यातला चुना ओला असतानाच त्यांनी शेजारचा खणायला सांगितला.

"दादा, एकदम दोन खड्डा नको. भिंत बठी जाई," गवंडी म्हणाला. सासऱ्यांनी कुदळ त्याच्यापुढे धरली. तो मुकाट्यानं खाली उतरला.

मी त्या खोलीच्या दारातच डाळ पाखडत होते. सुपात माती पडली. वर पाहिलं तर तुळईच्या टोकाशी बोटभर फट दिसत होती, सकाळी ती नव्हती. एक टेकू किंचित कलला होता. बाहेर गवंड्याच्या कुदळीचे घाव चालूच होते.

सासऱ्यांसमोर मी तोवर एकदाही तोंड उघडलं नव्हतं. सांगायचं असेल ते सासूबाईंकडून, आणि त्या नदीवर गेल्या होत्या. बोलले तर काय होईल, आणि नाही बोलले तर काय होईल, या दोन्हींची भीती वाटत होती. पदर पुढे ओढून मी उंबऱ्याबाहेर आले.

"मामंजी, त्यास्ले बाहेर काढा. भिंत बठी ऱ्हायनी."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वाकून त्यांनी स्वतः गवंड्याला दंडाला धरून वर ओढलं. तो काठावर गुडघे टेकतो न टेकतो तोच पायाचा पाट्याएवढा दगड निखळून खड्ड्यात पडला, आणि त्यावर भिंतीची ढीगभर माती. धूळ हळूहळू बसली. गवंडी चिलीम भरू लागला.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी गडी शेतावर पाठवले आणि गवंड्याला सांगितलं, तुझ्या मनाप्रमाणे कर. टेकू वाढवले. हातभर, हातभर करत काम तीन आठवडे चाललं. कोपरा धरला.

माझ्या बोलण्याचा विषय घरात कधी निघाला नाही. पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. सासूबाईंनी पाळणा न्हाणीमागच्या त्याच थंड खोलीत बांधायचं ठरवलं. मी नको म्हटलं, कारण सांगता येईना. सासऱ्यांनी ते ऐकून ओटीवरूनच पाळण्याची दोरी मागवून घेतली आणि पुढच्या खोलीत स्वतः बांधली.