वीस मार्कांचा एकांत

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मला तासभर एकांत हवा होता, आणि तो वीस मार्कांचा होता.

झालं असं, की मानपाड्याच्या कारखान्यातून निवृत्ती (लवकरची, त्यांच्या आग्रहाखातर) घेतल्यावर मी इंग्रजी घेऊन एम. ए.ला बसलो. अभ्यासाला एक इंग्लिश कवी होता. तळ्यांच्या मुलखातला, डोंगरातून मैलोन्‌मैल पायी भटकणारा. त्याचा रोमँटिसिझम, म्हणजे आपल्या पुस्तकी मराठीत स्वच्छंदतावाद, थोडक्यात असा: निसर्गात जायचं, दिसेल ते मनात मुरू द्यायचं, आणि मग घरी शांतपणे आठवून साध्या माणसांच्या साध्या भाषेत लिहायचं. आदल्या वर्षी त्याच्यावरच्या वीस मार्कांच्या निबंधात हे सगळं मी गाइडमधून उतरवलं आणि नापास झालो. या वर्षी आमच्या मॅडमनी (वयाने माझ्या मुलीएवढ्या) बजावलं, "काका, एक तास एकटे निसर्गात बसा आणि स्वतः पाहिलेलं लिहा. पुन्हा कॉपी दिसली तर हेही वर्ष गेलं म्हणून समजा." आणि मी तर अख्ख्या सोसायटीला पेढ्यांचं आश्वासन देऊन बसलो होतो!

मानपाड्यात आमच्या वाट्याचा निसर्ग म्हणजे कुंपणालगतची करंजाची तीन झाडं, आणि त्यांच्याखालीही रिक्षा लागतात. पण कवी तळ्यांचा आणि ठाणंही तळ्यांचं! म्हणून रविवारी ठाण्याच्या एका तलावावर (नाव सांगत नाही, तिथे मला आता ओळखतात) जायचं ठरवलं.

"एकटेच?" सुलभाने, म्हणजे आमच्या हिने, विचारलं.

"कवी एकटाच भटकायचा."

"त्याला बायको नव्हती?"

"होती."

"मग ती काय करायची?"

"ते सिलॅबसमध्ये नाही."

"बरं. ठाण्याला जाताच आहात तर मंगलताईंना ही लोणच्याची बरणी देऊन या."

मंगल माझी धाकटी बहीण. कोपरीत राहते, आधी बालवाडीत बाई होती. ठाण्याला जाऊन सख्ख्या बहिणीकडे न जाणं हा आमच्याकडे गुन्हा धरतात, म्हणून मी मुकाट्याने बरणी घेतली. एवढ्यात आतून आई म्हणाली, "जयंता, जातोच आहेस तर मलाही ने रे मंगलकडे. सहा महिने झाले, उंबरा ओलांडला नाहीये." आई ब्याऐंशी वर्षांची. तिला हात द्यायला कुणीतरी हवं, म्हणून सुलभाही साडी बदलून आली. एकांताला निघालेला मी टॅक्सीत पुढच्या सीटवर, मांडीवर बरणी घेऊन बसलो.

कोपरीत दोघींना सोडून सटकायचा माझा बेत होता. पण मंगलने दारातच अडवलं. "तलावावर? अरे दादा, आधी सांगायचंस ना! थांब, जातोच आहोत तर मसालेभात लावते."

जातोच आहोत! माझ्या एकट्याचे आम्ही चौघं कधी झालो, ते मला कळलंसुद्धा नाही.

तलावाकाठी चटई पडली, कुकर उघडला. मी वही-पेन घेऊन वीस पावलांवरच्या बाकावर पाठ करून बसलो आणि डोळे मिटले.

"अहो, टोपी घाला!"

मी आणखी वीस पावलं पुढे सरकलो.

"दादा, भात निवतोय!"

"मंगल, ओरडू नकोस गं, त्याला एकांत हवाय!" हे आईने पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. पलीकडच्या काठाने वळून पाहिलं.

तेवढ्यात मला तलावाचा मध्य दिसला. तिथे कोणाचाच भात पोचणार नव्हता! धक्क्यावर पायांनी चालवायची, हंसाच्या आकाराची बोट होती. बोटवाला म्हणाला, "अकेला नहीं छोडते, अंकल. दोन माणसं लागतात, नाहीतर कलते." मी त्याला स्वच्छंदतावाद समजावून सांगितला. त्याने घाईघाईने मला लाइफ जॅकेट घातलं आणि सोडून दिलं.

मध्यावर पोचलो. काय ती शांतता! वही उघडून "मी एकटा" एवढं लिहिलं, आणि बोट जरा वळवावी म्हणून सुकाणूचा दांडा ओढला. तो उपटून हातात आला! तो लावायला वाकलो तर वही पाण्यात. बोट कललेली होतीच, ती आता गोल फिरायला लागली. पाय मारावेत तर जास्तच जोरात! मला आळीपाळीने दिसत होतं: डोंगर, पाणी, आई. डोंगर, पाणी, आई. आई दर फेरीला हात हलवत होती, कारण तिला वाटलं मी हौसेने फिरतोय. काठावर गर्दी जमली, मोबाइल वर झाले. "अंकल का स्टेअरिंग गया!" कुणीतरी ओरडलं. शेवटी बोटवाल्याने दोर बांधून मला हंसासकट ओढत आणलं.

वही गेली, तास गेला, आणि निबंध दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. मला खरोखर रडू आलं. सत्तावन्नाव्या वर्षी दुसऱ्यांदा नापास! मंगलने तिची डायरी पुढे केली. ती रोज चार ओळी लिहिते, तिची जुनी सवय. त्यात होतं: "बगळा अर्धा तास एका पायावर. त्याला कुठेच जायचं नाही. आईने पाण्यात हात घातला आणि म्हणाली, आमच्या गावच्या तळीचं पाणी असंच गार. लग्नाच्या आदल्या दिवशी मी तिथे एकटीच बसून आलेले, कोणाला न सांगता."

आईची ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. मी तिच्यासमोरून इतक्या फेऱ्या मारल्या आणि मला दिसला तो फक्त तिचा हात. घरी येऊन मी सगळं इंग्रजीत उतरवलं. बगळा पाहणारा मी, आईचं ऐकणारा मी.

आठवड्याने मॅडमनी बोलावलं. "काका, फार सुंदर लिहिलंय. तुम्ही एकटेच होतात?"

"अगदी एकटा."

"तुमच्या कवीचंही असंच आहे. कवितेत तो एकटा, प्रत्यक्षात बरोबर बहीण. आणि दोघांनी पाहिलेलं आधी लिहून ठेवलं होतं ते तिने, डायरीत." असं म्हणून मॅडमनी मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात मी गोल फिरत होतो. "मग तुम्ही इथे होतात तेव्हा बगळ्याकडे कोण बघत होतं?"

"बहीण," मी टेबलाला सांगितलं.

"मग जे झालं तेच लिहून आणा. बोटीसकट."

लिहिलं. वीसपैकी अकरा मिळाले आणि मी पास झालो. पेढे घेऊन सगळ्यात आधी कोपरीला गेलो. मंगलने पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, "दादा, कॉलेजात जातोच आहेस तर माझ्यासाठीही एक फॉर्म आण."

यंदा तिलाही तोच एकांत आला. मी म्हटलं, "मंगल, तलावावर जातेच आहेस तर मीही येतो."

"तू नको रे दादा," ती चपला घालत म्हणाली, "मला पहिल्याच वर्षी पास व्हायचंय."