एक बाही काकूंची

काकूंना बसता येत नसे. म्हणजे गुडघे धड होते, कंबर धड होती. पण बूड टेकलं की आपल्या हातून काहीतरी निसटून चाललंय असं त्यांना वाटायला लागे. चहासुद्धा त्या दारात उभ्यानं पीत, एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर. रविवारी सकाळी तर विचारूच नका. पहिल्या बसच्या आधी आमच्या क्वार्टरची कडी वाजायची, आणि आमचे हे डोक्यावरून पांघरूण ओढून म्हणायचे, "जा, तुझी डिस्पोजल काकू आली."

मी लग्न होऊन वर्ध्याहून जबलपूरला आले ती थेट रांझीच्या क्वार्टरांमध्ये. आजूबाजूला सगळी हिंदी, आणि भिंतीपलीकडे एवढं एक मराठी घर. काका तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत लेथवर होते. शांत माणूस. त्यांची छाती पहिल्यापासून नाजूक, थंडीत रात्रभर शिट्टीसारखी वाजायची. ती भिंतीतून आम्हाला ऐकू येई. मुलीचं लग्न होऊन ती नागपूरला गेलेली. त्यामुळे काकूंच्या पायांना बांधून ठेवील असं घरात काही उरलं नव्हतं.

डिस्पोजल म्हणजे फौजेनं वापरून काढून टाकलेला माल. कोट, स्वेटर, कांबळी, बूट, पाण्याच्या बाटल्या. लिलावात व्यापारी तो गठ्ठ्यांनी उचलत आणि बाजारात आणून ओतत. आमच्या लायनीतल्या बाकीच्या बायका शहरात गेल्या की सराफ्याकडे वळायच्या, निदान काचेतून बघायला तरी. काकू त्यांच्याकडे पाठ करून डिस्पोजलच्या गल्लीत शिरायच्या. "सोन्याचं काय पाहाचं? ते आज आहे, उद्याही तिथंच राहीन," त्या म्हणत. "गठ्ठ्यातलं मात्र आत्ता आहे अन् आत्ता नाही."

त्यांनी मला पहिला धडा दिला तो नजरेचा. "आवडलं ना, तिकडे पाहाचं नाही. पाहिलं की दुकानदारालाही समजते अन् शेजारणीलाही." त्यांची मान डावीकडे, एखाद्या फाटक्या मोज्याची खोड काढत असायची, आणि उजवा हात ढिगाऱ्यात खोल कुठेतरी चाललेला असायचा. मला हे कधी जमलं नाही. मला काही आवडलं की माझं तोंडच सांगायचं. "तू दुकानात येत जाऊ नको बाई, भाव वाढून राहिले तुझ्यामुळं," असं त्या म्हणत, आणि पुढच्या रविवारी पुन्हा कडी वाजवत.

दुकान एका म्हाताऱ्या चाचांचं होतं. बायकांची ओढाताण होऊन माल फाटतो म्हणून त्यांनी एक कायदा करून ठेवला होता: जिसका हाथ आस्तीन में, माल उसका. बाहीत ज्याचा हात गेला, त्याचा कोट. मग कोणी काही बोलायचं नाही. कांबळ्याला बाही नसते, तर त्यावर जो बसेल त्याचं कांबळं. आता काकू बाहीत हात घालण्यात पटाईत, पण बसणं त्यांच्या नशिबात नव्हतं. टेकल्या न टेकल्या की दुसरा गठ्ठा सुटताना दिसे आणि त्या उठत. इतक्या वर्षांच्या डिस्पोजलमध्ये त्यांच्या घरी एक कांबळं आलं नाही.

ती सगळी कांबळी गेली गार्डच्या मेमकडे. ही रेल्वे कॉलनीतली अँग्लो-इंडियन बाई, मालगाडीच्या गार्डची बायको. फुलाफुलांचा फ्रॉक, पायात मोजे, खांद्याला कातडी पिशवी आणि चांगला भरभक्कम देह. ती कांबळ्यावर बसली की बसली; मग चाचांनी चहा मागवला तरी ती तिथंच बसून पिणार. काकूंचा तिच्यावर भारी राग. "मेम कशाची, पाटा आहे पाटा," त्या माझ्या कानात म्हणायच्या. मेमही काही कमी नव्हती. काकूंनी स्वेटर मिळवला की ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणे, "आंटी का हाथ नहीं है मैन, साँप है." खरं सांगायचं तर ती आली नाही त्या रविवारी काकूंचं बाजारात मन लागत नसे. पण हे काकूंना सांगायची माझी छाती नव्हती.

मग एकाहत्तरची लढाई आली. प्रत्यक्ष लागायच्या कितीतरी आधी ती आमच्या रांझीत येऊन राहिली होती. फॅक्टरी रात्रंदिवस चालू, सुट्ट्या बंद, खिडक्यांना काळा कागद, सायकलींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग. काकांची एक आठवडा सोडून एक आठवडा रातपाळी लागली. थंडी पडायला लागली तशी छातीची शिट्टी वाढली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वारा लागू देऊ नका, हा हिवाळा जड आहे. काकूंनी रजा घ्या म्हटलं, तर कधी नव्हे ते काका चिडले. "पोरं तिकडे बर्फात उभी आहेत, अन् मी काहून रजा घेऊ?"

तेव्हापासून काकूंच्या डोक्यात एकच गोष्ट होती, फौजी ओव्हरकोट. तो जाड, गुडघ्याखाली येणारा, कॉलर वर केली की कानसुद्धा झाकणारा. नवा गरम कोट शिवणं परवडणारं नव्हतं, आणि डिस्पोजलमध्ये तर नेमका तेव्हाच दुष्काळ. लढाईच्या दिवसांत फौज कशाला काही काढून टाकेल? चाचा रिकामे हात दाखवत. काकू रविवारी जात, बुधवारी जात, मग रोज जायला लागल्या. काका रात्री निघाले की त्या फाटकापर्यंत जाऊन येत, घरात येत, पुन्हा बाहेर येत. भिंतीपलीकडे आता शिट्टीऐवजी त्यांच्या चपला ऐकू यायच्या. मलाही झोप लागत नसे. मला त्यांचा वैताग यायचा आणि जीवही तुटायचा.

शेवटी एकदा दुपारी चाचांकडे एक गठ्ठा आला. बहुतेक सगळ्या फाटक्या जर्सी, आणि तळाशी एकच ओव्हरकोट. मी शेजारीच उभी होते. काकूंची मान डावीकडे वळली, हात ढिगाऱ्यात गेला, आणि त्यांचा चेहरा उजळला. बाही मिळाली होती. त्यांनी कोट वर ओढला तर तो अर्धाच आला. दुसऱ्या बाहीत गार्डच्या मेमचा हात होता, थेट खांद्यापर्यंत.

"हम पहले डाला, आंटी."

"अच्छा? अन् हे काय घातलंय मी, चिमटा?"

चाचांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या कायद्यात असली सोय नव्हती. दोघीही हात काढेनात. काढला तर कोट गेला. काकू पुढे सरकल्या की मेम ओढली जाई, मेम मागे रेलली की काकू. दुकानातल्या बायका हसायला लागल्या होत्या, आणि तेवढ्यात सायरन झाला.

तो सराव होता की खरा, ते तेव्हा कोणाला कळत नसे. चाचांनी फळ्या ओढल्या आणि आम्हाला लाकडी माळ्याखाली बसायला सांगितलं. त्या दोघी एकाच कोटात, आडव्या चालत माळ्याखाली आल्या. मेम बसली. कोटाचं दुसरं टोक तिच्याबरोबर खाली गेलं, आणि काकूंनाही बसावं लागलं. काकूंना नीट बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

अंधारात मेमनंच विचारलं, "किसके लिए लेता है, आंटी?"

"हमारे इनके लिए. छाती खराब है. रात को सायकलीनं जाते फैक्टरी में." काकूंच्या हिंदीला मराठी असं मध्येच फुटत असे. "अन् आप?"

"हमारा साहब के लिए. सबसे पीछे डब्बे में बैठता है रातभर. खिड़की का काँच भी टूटा है, हवा सीधा अंदर."

"कायची गाडी असते?"

"वही. तुम लोग का फैक्टरी का माल."

काकूंनी मोकळ्या हातानं कोट मेमच्या पाठीवर नीट ओढून दिला, कारण जमीन गार होती. एवढंच मी फटीतल्या उजेडात पाहिलं.

धोका टळल्याचा सायरन झाला, फळ्या उघडल्या. बाहेर आल्यावर दोघींनी एकदमच हात काढले आणि कोट जमिनीवर पडला. चाचा म्हणाले, "अब तो किसी का भी नहीं रहा." तेव्हा काकूंनी तो उचलला, झटकला आणि सांगितलं की यांची रातपाळी एक आठवडा सोडून येते, तेवढा आठवडा आमचा, मधला आठवडा साहेबांचा. मेमनं मान डोलावली. पैसे दोघींनी मिळून दिले आणि चाचांशी घासाघीसही मिळून केली. म्हाताऱ्याची त्या दिवशी काय गत झाली असेल, कल्पना करा.

त्यानंतर दर रविवारी कोटाची देवाणघेवाण दुकानातच व्हायची. काकू खिशात सुंठीच्या गोळ्या टाकून पाठवायच्या. मेमकडून येताना बिस्किटं यायची, नाताळात केकचा तुकडा. दोघी एकमेकींच्या टाक्यांना नावं ठेवत, "बटन कसं लावलंय, पाहा," "तंबाकू का बास मारता है, आंटी." लढाई संपली. काकांनी तो जड हिवाळा काढला, पुढचाही काढला. काकू मला म्हणाल्या, "डॉक्टरला दाखवून येऊ का कोट?"

त्याच्या पुढच्या थंडीत काका गेले.

दिवस झाल्यावर काकू कोट घेऊन दुकानात गेल्या. मी बरोबर होते. "अब ये पूरा आपका," त्या मेमला म्हणाल्या. "हमारे घर में पहननेवाला कोई नहीं." मेमनं कोटाला हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, "ये हफ्ता आपका है. हम अगला संडे लेगा." काकूंनी विनवलं, रागावल्या, घड्या घालून तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तो परत काकूंच्या हातात दिला. उभ्या जन्मात काकू एकदाच सौदा हरल्या, तो हा.

म्हणून एक आठवडा सोडून एक आठवडा तो कोट काकांच्या खुंटीवर येऊन राही. खुंटी रिकामी असली की काकू दिवसभर रस्त्यावर असत. कोट असला की मात्र संध्याकाळी घरी दिसत, अंगणात, पायरीवर टेकलेल्या.

पुढे गार्डसाहेब रिटायर झाले आणि मेमचं कुटुंब मुलाकडे परदेशी निघालं. शेवटचा रविवार नेमका काकूंच्या पाळीचा. तिकडे थंडी असते, घेऊन जा, असं काकूंनी परोपरीनं सांगितलं. "अगला संडे लेगा," मेम म्हणाली, आणि डोळे पुसत बसमध्ये चढली.

हल्ली मोठाल्या दुकानांत सेल लागतो, बायका ढिगाऱ्यावर तुटून पडतात, मीही त्यांतलीच. पण एकाच कपड्याला दोघींचा हात लागला की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "कोणासाठी घेता?" समोरची बहुतेक वेळा चमकून बघते. कधी कधी सांगते.

मेम गेल्यानंतर काही दिवसांनी आमची बदली नागपूरला झाली, तेव्हा काकूंचा निरोप घ्यायला गेले. एप्रिलचं ऊन होतं. अंगणात बाजेवर कोट वाळत घातला होता आणि शेजारी काकू बसल्या होत्या. पुरत्या, मांडी घालून. खिशात सुंठीच्या ताज्या गोळ्या भरत होत्या.

मी म्हटलं, "काकू, कोणा गरजवंताला देऊन टाका ना आता. कशाला जपून राहिल्या?"

"देईन की," काकू म्हणाल्या. "माझा आठवडा संपू दे."